‘मॅडम, जरा लिटरेचर काढून द्या ना’ : मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालाने पबमेडचा शोध कसा घ्यावा

सिनॉप्सिसची, म्हणजे थीसिसच्या आराखड्याची, मुदत जवळ आली की दरवर्षी काउंटरवर तेच वाक्य ऐकू येतं. रात्रीची ड्यूटी संपवून थेट आलेला रेसिडेंट, गळ्यात स्टेथो, डोळे लाल. “मॅडम, सिकल सेल आणि हायड्रॉक्सीयुरियावर जरा लिटरेचर काढून द्या ना. उद्या सरांना दाखवायचंय.” आपण लगेच पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपरांची मोफत ऑनलाइन सूची, उघडतो, तीन शब्द टाकतो, पहिली दोन पानं प्रिंट करून देतो. तो खूश, आपणही खूश. वर्षभराने ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ लिहिताना गाइड विचारतात, “अरे, ती मोठी ट्रायल कुठे आहे यात?”

नव्या ग्रंथपालांच्या शोधात मी ज्या चुका पुन्हा पुन्हा बघते, त्यांतल्या बऱ्याचशा पबमेडच्या शोधपेटीत एक अक्षर पडण्याआधीच झालेल्या असतात. म्हणून इथे सुरुवातीच्या टप्प्यांवर जास्त वेळ घालवणार आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवते : सिकल सेलच्या मुलांमध्ये हायड्रॉक्सीयुरिया हे औषध. विदर्भात किंवा नंदुरबारकडे काम करणाऱ्यांना हा विषय नवा नाही.

एक सूचना. शोधाच्या ओळी मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, पण पेटीत त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायच्या. अँड, ऑर, नॉट हे जोडशब्द कॅपिटलमध्ये लिहायचे.

## सुरू करण्याआधी टेबलावर काय हवं

माय एनसीबीआयचं, म्हणजे पबमेडमध्ये लॉगिन करायचं, स्वतःच्या नावाचं खातं. ते फुकट आहे. पबमेडमधली शोधांची हिस्ट्री आठ तास हात लावला नाही तर पुसली जाते. संध्याकाळी अर्धवट सोडलेलं काम सकाळी सापडत नाही, ते यामुळे. खात्यात शोध सेव्ह केला तर तो टिकतो.

झोटेरो. हे संदर्भ सांभाळून ठेवणारं सॉफ्टवेअर, तेही फुकट. झोटेरोच का, ते सातव्या टप्प्यात सांगते.

एक शोधनोंदीचा तक्ता. एक्सेलमध्ये किंवा कोऱ्या वहीत, कुठेही चालेल. रकाने सहाच : तारीख, डेटाबेस, शोधाची ओळ जशीच्या तशी, लावलेले फिल्टर, मिळालेली संख्या, शेरा.

आणि आपल्या कॉलेजला नेमकं काय उघडतं, याची यादी. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-जर्नल्स आहेत, पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. खासगी कॉलेजच्या ग्रंथपालाने “आता सगळं फुकट आहे म्हणे” या ऐकीव माहितीवर रेसिडेंटला शब्द देऊ नये. सरकारी कॉलेजात असाल तरी कॅम्पसच्या नेटवरून एकेका प्रकाशकाचं पान स्वतः उघडून बघा. मगच यादीत टिकमार्क करा.

## टप्पा १ : आधी माणसाला विचारा

पंधरा मिनिटं द्या. उभ्याउभ्या नको, समोर खुर्चीत बसवा. रेसिडेंट जे मागतो आणि त्याला जे हवं असतं, त्यांत बरंच अंतर असतं. त्या सकाळचंच सांगते.

“डॉक्टर, मुलं म्हणजे किती वर्षांपर्यंतची?”

“बारापर्यंत, मॅडम. आमच्या ओपीडीत तेवढीच येतात.”

“आणि खालून? वर्षाच्या आतली धरायची का?”

तो थांबला. “सरांना विचारावं लागेल.”

“औषधाने काय कमी झालेलं बघायचंय? दुखण्याचे झटके, रक्त चढवण्याची वेळ, की ॲडमिशन?”

“झटके. म्हणजे… ॲडमिशनही.”

“आणि हे नुसतं सिनॉप्सिसला हवंय, की सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करताय?”

शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण सगळं काम त्यावर ठरतं. सिनॉप्सिसला नेमके पंधरा-वीस पेपर पुरतात. थीसिसच्या रिव्ह्यूला जास्त लागतात, पण एखादा निसटला तर आभाळ कोसळत नाही. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूत, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून पारखण्यात, मात्र काही निसटू नये हाच सगळा खटाटोप असतो. तिथे एकट्या पबमेडवर भागत नाही आणि काम दोन दिवसांत होत नाही. हे त्याच दिवशी स्पष्ट सांगा. भिडेपोटी ‘बघू’ म्हणालात, तर ते निस्तरत बसावं लागतं.

उत्तरं चार घरांत लिहून घ्या : रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, परिणाम कोणता. डॉक्टर याला पिको म्हणतात. घरं भरेनात तर प्रश्न अजून पिकलेला नाही. त्याला गाइडकडे परत पाठवा.

जाता जाता एक मागणी करायचीच : “तुम्हाला किंवा सरांना आधीच माहीत असलेले तीन-चार महत्त्वाचे पेपर सांगा.” ते कशाला, हे पाचव्या टप्प्यात येईल.

खबरदारी : आजकाल रेसिडेंट चॅटबॉटने दिलेली संदर्भांची यादी घेऊन येतात. तीत लेखक खरे, जर्नल खरं, पण असा पेपरच अस्तित्वात नाही, असे संदर्भ निघतात. प्रत्येक शीर्षक पबमेडमध्ये टाकून बघा. नोंद सापडली नाही तर तो संदर्भ यादीतून काढा, आणि का काढला ते त्याला सांगा.

## टप्पा २ : शब्दांचा तक्ता कागदावर

संगणक अजून बाजूलाच राहू द्या. प्रत्येक घरासाठी एक रकाना आखा आणि त्याखाली त्या गोष्टीची सगळी नावं लिहा.

औषधाचा रकाना बघा. हायड्रॉक्सीयुरिया हे आपल्या वॉर्डात रुळलेलं नाव. त्याच औषधाचं आंतरराष्ट्रीय नाव हायड्रॉक्सीकार्बमाइड. लहान बाळांवरच्या ‘बेबी हग’ चाचणीचा पेपर २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. त्याच्या शीर्षकात औषधाचं नाव हायड्रॉक्सीकार्बमाइड आहे. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या आफ्रिकेतल्या ‘रीच’ चाचणीच्या शीर्षकात हायड्रॉक्सीयुरिया आहे. औषध तेच, रुग्णही मुलंच. एकाच नावाने शोधलंत, तर दोन मोठ्या चाचण्यांपैकी एक सुटायची भीती.

स्पेलिंगचंही तसंच. ‘अनीमिया’च्या ब्रिटिश स्पेलिंगमध्ये ‘एन’नंतर एक ‘ए’ जास्त. ‘पीडियाट्रिक’मध्ये ‘पी’नंतर तसाच एक ‘ए’. हिमोग्लोबिन, ट्यूमर, लेबर, सगळीकडे हा घोळ आहे. भारतीय जर्नल्समध्ये तर दोन्ही स्पेलिंगं आढळतात. रकान्यात दोन्ही लिहा.

परिणामाचा रकाना भरून ठेवा, पण शोधात शक्यतो वापरू नका. दुखण्याचे झटके मोजलेले असूनही सारांशात त्यांचा उल्लेख नाही, असे पेपर असतात. परिणामाचे शब्द सक्तीचे केले की असे पेपर पहिल्याच गाळणीत अडकतात. परिणाम नंतर, पेपर निवडताना बघायचा.

## टप्पा ३ : मेशचं झाड उघडा

मेश म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची विषयशीर्षकं. आपण कॅटलॉगिंग केलेली माणसं, ही कल्पना आपल्याला डॉक्टरांपेक्षा लवकर कळते. तरीही मेशचं पान न उघडता अंदाजाने शीर्षक टाकायची सवय पुष्कळांना आहे.

पान उघडा, व्याख्या वाचा, खाली झाडात काय काय येतं ते बघा. सिकल सेलचं शीर्षक उलट क्रमाने आहे : ‘अनीमिया, सिकल सेल’. त्याच्या पोटात ‘सिकल सेल ट्रेट’ही येतं, म्हणजे ज्यांना आजार नाही, ज्यांच्याकडे फक्त वाहकपणा आहे, ते लोक. पबमेड वरचं शीर्षक घेतलं की खालच्या सगळ्या फांद्या आपोआप घेतं. नको असतील तर ‘नोएक्स्प’ जोडून ते थांबवता येतं. आपल्या उदाहरणात मी थांबवत नाही. औषधाची अट जोडल्यावर ट्रेटचे पेपर तसेही गळतात.

वयाच्या शीर्षकांवर सगळ्यात जास्त घसरायला होतं. ‘चाइल्ड’ म्हणजे मेशच्या लेखी ६ ते १२ वर्षं. त्याखाली ‘चाइल्ड, प्रीस्कूल’ येतं, २ ते ५ वर्षं. ‘इन्फंट’ (१ ते २३ महिने) आणि ‘ॲडोलसंट’ (१३ ते १८ वर्षं) या दोन वेगळ्या फांद्या आहेत. ‘चाइल्ड’ घेतलं म्हणजे सगळी मुलं आली, असं होत नाही. बेबी हगमधली बाळं ९ ते १८ महिन्यांची होती. रेसिडेंटने बारापर्यंतच सांगितलं असलं तरी मी ॲडोलसंट घेते, कारण ५ ते १५ वर्षं असा गट घेतलेले अभ्यास असतातच.

तपासणी : प्रत्येक रकान्याला निदान एक मेश शीर्षक सापडलं का? सापडलं नसेल तर माहीत असलेल्या एखाद्या पेपरची पबमेड नोंद उघडा, तळाशी कोणती शीर्षकं दिलीत ती वाचा, आणि तिथून उचला.

## टप्पा ४ : ओळी एकेक करून टाका

आता पेटी. सगळा शोध एका दमात टाकू नका. ॲडव्हान्स्ड पानावर एकेक रकाना स्वतंत्र ओळ म्हणून चालवा.

ओळ १ : "अनीमिया, सिकल सेल"[मेश] ऑर सिकल[टीआयएबी]

ओळ २ : "हायड्रॉक्सीयुरिया"[मेश] ऑर हायड्रॉक्सीयुरिया[टीआयएबी] ऑर हायड्रॉक्सीकार्बमाइड[टीआयएबी]

ओळ ३ : "चाइल्ड"[मेश] ऑर "इन्फंट"[मेश] ऑर "ॲडोलसंट"[मेश] ऑर चाइल्ड*[टीआयएबी] ऑर इन्फंट*[टीआयएबी] ऑर ॲडोलसंट*[टीआयएबी] ऑर पीडियाट्रिक*[टीआयएबी], आणि या शेवटच्या शब्दाचं दुसरं स्पेलिंगही

ओळ ४ : #१ अँड #२ अँड #३

टीआयएबी म्हणजे शीर्षक आणि सारांश. मेश आणि साधे शब्द दोन्ही घ्यायचे, कारण नव्या पेपरला मेश शीर्षकं लागलेली नसू शकतात आणि काही नोंदींना ती कधीच लागत नाहीत. नुसतं मेश वापरलंत तर अगदी ताजं संशोधनच हातून जाईल.

इथे अर्धवट शिकलेल्याची फजिती होते. पेटीत उघडा शब्द टाकला तर पबमेड तो स्वतःहून मेशशी जोडून घेतं. त्या शब्दाला अवतरणचिन्हं, चौकटी कंसातला टॅग किंवा तारका लावली की ही जोडणी बंद होते. मग सगळी नावं तुम्हालाच द्यावी लागतात. ‘मी व्यवस्थित टॅग लावून शोधलं, तरी शिकाऊ मुलीपेक्षा कमी पेपर आले’ ही तक्रार मी ऐकली आहे. कारण हेच : टॅग लावले, पण दुसरी नावं लिहिली नाहीत.

तारकेच्या आधी निदान चार अक्षरं लागतात. अवतरणातला शब्दसमूह पबमेडच्या सूचीत नसेल तर तसा संदेश वर दिसतो आणि शब्द सुटेसुटे शोधले जातात. तो संदेश न वाचता आकडा लिहून घेणारे खूप आहेत.

खबरदारी, कंसांची : पबमेड डावीकडून उजवीकडे वाचतं. सिकल अँड हायड्रॉक्सीयुरिया ऑर हायड्रॉक्सीकार्बमाइड, असं कंसाशिवाय लिहिलंत तर पहिल्या दोघांची जोडी होते आणि तिसरा शब्द मोकळा सुटतो. मग हायड्रॉक्सीकार्बमाइडचा रक्ताच्या कर्करोगांवरचा सगळा पसारा तुमच्या यादीत येतो. आकडा एकदम फुगला की आधी कंस बघा. ओळी वेगळ्या चालवून शेवटी जोडल्या की ही चूक होतच नाही. एकेक ओळ म्हणते ती त्यासाठी.

प्रत्येक ओळीनंतर हिस्ट्रीतला ‘डीटेल्स’चा बाण उघडा. पबमेडने तुमचा शब्द खरोखर कसा वाचला, ते तिथे दिसतं.

## टप्पा ५ : माहीत असलेल्या पेपरांनी शोध तपासा

ही पायरी दहा मिनिटांची आहे, आणि घाईत हीच गाळली जाते.

पहिल्या टप्प्यात मागून ठेवलेले पेपर काढा. प्रत्येकाचा पीएमआयडी, म्हणजे पबमेडमधला नोंदक्रमांक, शोधा. सगळे क्रमांक मध्ये जागा सोडून पेटीत टाका आणि चालवा. ही झाली ओळ ५. मग ओळ ६ : #५ नॉट #४.

उत्तर शून्य यायला हवं. शून्य आलं म्हणजे तुम्हाला माहीत असलेले सगळे पेपर तुमच्या शोधात आहेत. एखादा बाहेर उरला तर त्याची नोंद उघडा आणि तो का सुटला ते शोधा. कुठे औषधाचं दुसरं नाव असतं, कुठे वयाची फांदी, कुठे सारांशच नसतो. जो शब्द कमी पडला तो आपल्या ओळीत घाला आणि परत चालवा.

शून्य आलं म्हणून शोध परिपूर्ण झाला असं नाही. पण शून्य आलं नाही तर तो नक्की अपुरा आहे.

## टप्पा ६ : फिल्टरला हात जपून

डाव्या बाजूच्या खुणा फार मोहात पाडतात. ‘फ्री फुल टेक्स्ट’ शोधाच्या वेळी लावूच नका. कोणता पेपर फुकट आहे यावरून पुरावा ठरत नाही. ‘ह्यूमन्स’ आणि वयाचे फिल्टर मेशवर चालतात. त्यामुळे मेश न लागलेले सगळे नवे पेपर ते गुपचूप फेकून देतात. प्राण्यांवरचे अभ्यास काढायचे असतील तर शेवटी अशी ओळ जोडा : नॉट ("ॲनिमल्स"[मेश] नॉट "ह्यूमन्स"[मेश]). यात फक्त प्राण्यांचे म्हणून नोंदलेले पेपर जातात, बाकी शाबूत राहतात.

‘गेल्या पाच वर्षांचंच द्या’ ही गाइडची आवडती अट. सिनॉप्सिसला चालेल. पण आपल्याच उदाहरणात या अटीने बेबी हग बाहेर जातो, हे रेसिडेंटला सांगा आणि निर्णय त्याला घेऊ द्या.

## टप्पा ७ : नोंद आणि उतरवून घेणं

आता माझीच चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कॉलेजात मी एका विद्यार्थिनीला उत्तम शोध करून दिला होता, निदान मला तसं वाटत होतं. परीक्षेत तिला विचारलं, “हा शोध कधी घेतला? ओळ काय होती?” ती माझ्याकडे आली. माझ्याकडे प्रिंटआउट होते, ओळ नव्हती. आम्ही दोघींनी मिळून तो शोध परत उभा करायचा प्रयत्न केला आणि आकडा काही केल्या जुळेना. त्यानंतर वही ठेवायला लागले.

ओळ टाइप करून नव्हे, कॉपी करून घ्या. संख्या त्याच क्षणी लिहा, दुसऱ्या दिवशी ती बदललेली असू शकते. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू असेल तर शोधाचं वर्णन कसं करायचं यासाठी प्रिस्मा-एस ही १६ मुद्द्यांची यादी आहे. ती आधीच जवळ ठेवली तर नंतर आठवत बसावं लागत नाही.

मग ‘सेंड टू’ मधून ‘सिटेशन मॅनेजर’ निवडा. एनबीआयबी फाइल उतरते, ती झोटेरोत ओढा. एका वेळी दहा हजार नोंदींची मर्यादा आहे. तुमचा शोध त्यापुढे जात असेल तर चौथ्या टप्प्यावर परत जा.

झोटेरोचा एक गुण असा की मागे घेतलेला, म्हणजे रिट्रॅक्ट झालेला पेपर यादीत आला की तो लाल पट्टी दाखवतो. रेसिडेंट ती पट्टी बघेल या भरवशावर राहू नका. तुम्ही बघा.

## टप्पा ८ : पबमेडच्या बाहेर, गरजेपुरतं

सिनॉप्सिसला इथपर्यंत पुरे. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला कोक्रेन या असे रिव्ह्यू करणाऱ्या संस्थेच्या नियमाने निदान सेंट्रल (कोक्रेनची चाचण्यांची सूची), मेडलाइन (पबमेडचा मुख्य भाग) आणि एम्बेस (वर्गणीचा डेटाबेस) पाहावे लागतात. एम्बेस आपल्याकडे नसेल, आणि बऱ्याच कॉलेजांत नसतं, तर ‘एम्बेस पाहिलं नाही’ असं अहवालात लिहायला सांगा. झाकलं तर परीक्षकाला ते आधी दिसतं.

चालू चाचण्यांसाठी सीटीआरआय बघा, ही भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही. पबमेडमध्ये नसलेल्या भारतीय जर्नल्ससाठी गूगल स्कॉलर उपयोगी पडतं. पण ते एका शोधाचे पहिले हजारच निकाल दाखवतं आणि तोच शोध पुन्हा घेतल्यावर तेच निकाल मिळतील याची खात्री नाही. त्याला पूरक म्हणूनच ठेवा.

## टप्पा ९ : हाती काय द्यायचं

दोनशे पेपरांची यादी व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होऊ नका. तीन गोष्टी द्या : झोटेरोची फाइल, शोधाच्या ओळींचं एक पान, आणि कोणते फुल टेक्स्ट मिळाले आणि कोणते नाहीत याची यादी. न मिळालेल्यांसाठी आधी पबमेड सेंट्रल (मोफत पूर्ण पेपरांचा साठा) बघा, मग कॉलेजची वर्गणी, मग डेलनेटसारखी आंतरग्रंथालय सेवा, मग लेखकाला सभ्य ईमेल. या ईमेलला उत्तर येतं, लोकांना वाटतं त्याहून जास्त वेळा. चोरट्या साइटवरून काढलेली पीडीएफ ग्रंथालयाच्या ईमेलवरून पाठवू नका, कितीही गळ घातली तरी.

“मग मॅडम, डोस किती द्यायचा म्हणतात?” हा प्रश्न कधीतरी येतोच. पेपर उघडून त्यातला तक्ता समोर ठेवा. आकडा आपल्या तोंडून जाऊ देऊ नका.

शेवटचं काम तारखेचं. थीसिस सादर होण्याच्या महिनाभर आधी हाच शोध परत चालवायचा असतो. तेव्हा प्रकाशनाच्या तारखेने गाळू नका. जर्नलचा अंक एका महिन्याचा असतो आणि नोंद पबमेडमध्ये भलत्याच महिन्यात येते. पबमेडमध्ये नोंद दाखल झाल्याची तारीख घ्या. तिचा टॅग ईडॅट. मागच्या शोधाच्या पंधरा दिवस आधीपासून सुरू करा. चार-दोन पेपर दुबार येतील, ते झोटेरो दाखवेल. वहीत मात्र नवी ओळ, नवी तारीख, नवा आकडा.